भांड्यावरील नांव

खामगांवास वऱ्हाडांत रजतनगरी म्हणतात. कापसाच्या बाजारामुळें हें गांव वाढलें, १८७० सालीं जळंबपासून त्यास आगगाडीचा फांटा मिळाला, आणि पुढें कापसाच्या जोडीला चांदीच्या व्यवहारानेंहि त्याची कीर्ति दूरवर गेली. येथील चांदी कसास चोख उतरते असा लौकिक असल्यानें लग्नसराईंत बुलढाणा जिल्ह्याबाहेरचेंहि गिऱ्हाईक येथें येतें. अशाच एका लग्नसराईंत या बाजारांतील एका दुकानीं मीं जें पाहिलें, त्यावरून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

एक वृद्ध शेतकरीण आपल्या मुलासह एक जुना चांदीचा तांब्या मोडीस घालावयास आली होती. तांब्याच्या गळ्याखालीं बारीक ठिपक्यांनीं एका बाईचें नांव, एका खेड्याचें नांव आणि 'शके १८३२' अशीं अक्षरें घातलेलीं होतीं. सराफानें तांब्या कांट्यावर ठेविला, टाक्याची तूट वजा केली आणि आंकडा सांगितला. "त्याच्यावर नांव आहे," म्हातारी म्हणाली. किंमत वाढावी असा तिचा हेतु दिसला नाहीं. ती केवळ सांगत होती. "माय, नांवाचं वजन नसते," सराफ उत्तरला, आणि त्यांत त्याचा कांहीं अपराध होता असें मला वाटत नाहीं. इतक्यांत दुकानांत बसलेले, शहराहून आलेले एक हौशी संग्राहक पुढें सरले. तांब्याचा घाट त्यांच्या मनांत भरला होता. सराफानें सांगितलेल्या आंकड्याहून बरीच अधिक रक्कम त्यांनीं देऊं केली. मात्र एक अट घातली. तें नांव घासून काढून मिळालें पाहिजे. दिवाणखान्यांत मांडावयाच्या वस्तूवर परक्याचें नांव त्यांस नको होतें. व्यवहार ठरला, कारागिरानें तांब्या हातांत घेतला आणि घटकाभरांत त्याचा गळा स्वच्छ झाला.

भट्टीनें तो तांब्या आटविला असता, या गृहस्थांनीं तो वांचविला, हें उघड आहे. परंतु त्यांनीं वांचविलें तें काय, हा प्रश्न मात्र माझ्या मनांतून गेला नाहीं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला असें दिसून आलें कीं, जुन्या वस्तूंच्या संग्रहाची आमच्यांत हौस वाढली आहे, त्या हौसेचें कौतुकहि होतें, परंतु तिची टीका अशी फारशी कोणी करीत नाहीं.

ग्रंथावर टीका होते, नाटकावर होते, चित्रावर होते. संग्रहास मात्र आपण कृति मानीतच नाहीं. संग्राहकाची चिकाटी, त्यानें खर्चिलेला पैसा, त्याच्यापाशीं असलेल्या वस्तूंची संख्या यांची वाखाणणी करून आपण थांबतों. वास्तविक संग्रह हीहि एक रचना होय. तींत निवड असते, मांडणी असते, आणि जें वगळलें तेंहि असते. ग्रंथकाराप्रमाणेंच संग्राहकहि कांहीं गोष्टी ठळक करितो व कांहीं पुसून टाकितो. म्हणून त्याच्या कृतीसहि तोच प्रश्न विचारणें योग्य आहे, जो आपण इतिहासकारास विचारतों: साक्षीदार हातीं आला असतां आपण त्याचें बोलणें ऐकून घेतलें, कीं त्याचें तोंड बंद केलें?

युरोपांत जुनी चांदी, जुनी कांच आणि चिनी मातीचीं भांडीं जमविणें हें एक शास्त्रच होऊन बसलें आहे, आणि त्या शास्त्राचा पाया भांड्याच्या बुडाशीं असलेल्या खुणेवर रचलेला आहे. इंग्लंडांत १३०० सालच्या कायद्यानें चांदीचा कस तपासून तिजवर बिबळ्याच्या मुखाचा ठसा उमटविण्याची पद्धत पडली. १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या संघानें वर्षागणिक बदलणारें एक अक्षरहि त्याबरोबर मारण्यास आरंभ केला. त्यामुळें कारागिराचा ठसा, कसाचा ठसा आणि वर्षाचें अक्षर यांवरून जाणता मनुष्य एखादा चमचा कोणीं व कोणत्या वर्षीं घडविला हें सांगूं शकतो. जर्मनींतील माइसेन येथें १७१० सालीं चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला; पुढें तेथील मालावर दोन निळ्या तरवारींची फुली ही खूण ठरून गेली. चीन देशांत तर बादशहाच्या कारकीर्दीचें नांवच भांड्याच्या बुडाशीं लिहीत. या सर्व खुणा घडविणाऱ्याच्या किंवा घडविवून घेणाऱ्या सत्तेच्या आहेत. वस्तु कोठें जन्मली हें त्या सांगतात.

या शास्त्राची थोरवी मी नाकारीत नाहीं. तथापि त्याची एक मर्यादाहि आहे. साक्षीदार खोटाहि असूं शकतो. माइसेनच्या तरवारी इतर कारखान्यांनीं उचलल्या, आणि चीनमधील पुढच्या काळांतील कुंभारांनीं आपल्या भांड्यांवर मागच्या बादशहांचीं नांवें घातलीं; कधीं फसविण्यासाठीं, तर कधीं पूर्वजांच्या कलेस मान म्हणून. यामुळें युरोपांतील जाणता संग्राहक नुसत्या खुणेवर विसंबत नाहीं. वस्तु पूर्वीं कोणाच्या घरीं होती, कोणाकडून कोणाकडे गेली, याची परंपरा तो विचारतो, आणि ती परंपरा तुटलेली असल्यास वस्तूची किंमत कमी करितो. म्हणजे ज्यांच्यापाशीं ठसे आहेत त्यांसहि शेवटीं घराची साक्ष लागतेच. आमचे हौशी लोक त्यांच्याकडून ठसा पाहण्याची संवय शिकले, परंतु घर विचारण्याची शिकले नाहींत.

ठशाची ही विलायती पद्धत आमच्या मातीच्या भांड्यांवरहि एकदां येऊन गेली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांनीं १८७० नंतरच्या दशकांत कुंभारकामाची शाखा चालविली. त्याच शाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते; त्या चित्रांतील वेली, हंस व आकृति टेरींच्या रंगीत भांड्यांवर उतरल्या. ज्या डोंगराच्या पोटांत तीं लेणीं आहेत, त्याचीच रांग पुढें आमच्या जिल्ह्यांत शिरते, म्हणून या भांड्यांविषयीं मला विशेष आपलेपणा वाटतो. आज त्यांचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत पाहावयास मिळतात. शाळेची खूण बुडाशीं आढळते, टेरींचें नांव इतिहासांत आहे; चाकावर बसून तीं भांडीं उठविणारा कुंभार मात्र बहुतेक अनामच राहिला.

आतां आमच्या घरांतील भांड्यांकडे वळूं. येथें सारेंच उलट आहे. आमच्या सोनारानें, कासारानें वा कुंभारानें आपलें नांव कधीं वस्तूवर घातलें नाहीं. घातलें तें वस्तु वापरणाऱ्यानें. भांड्यांच्या दुकानींच छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन ठिपके मारणारा मनुष्य बसे, आणि विकत घेतलेलें भांडें घरीं नेण्यापूर्वीं त्यावर नांव घालून घेण्याची चाल असे. यांत व्यवहारहि होता. जेवणावळीस शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं भांडीं मागून आणीत, आणि पंक्ति उठल्यावर ज्याचें त्यास परत करतांना नांव कामास येई. परंतु व्यवहाराच्या पलीकडेहि त्याचा अर्थ होता. लग्नांत आहेर आलेल्या ताटावर देणाऱ्याचें नांव असे, नवसाच्या समईवर देवाचें व नवस फेडणाराचें नांव असे, मुलीच्या पाठवणीच्या भांड्यांवर तिचें नांव असे. कोणीं, कोणास, कोणत्या प्रसंगीं आणि कोणत्या शकांत, इतकें चार शब्दांत सांगणारी ही लिपि म्हणजे घराघराची लहानशी बखरच होय.

या बखरींत स्त्रियांस जें स्थान मिळालें, तें दुसऱ्या कोठल्या दप्तरांत क्वचितच मिळालें असेल. सातबारावर नांव पुरुषाचें, वतनाच्या कागदावर पुरुषाचें, कर्जरोख्यावरहि पुरुषाचेंच. शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या खेड्यांतील शेतकरणीचें नांव आज आपणांस कोठें वाचावयास मिळेल? तें भांड्यावर मिळतें. सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवांच्या वाड्यापाशीं उभें राहिलें असतां जिजाबाईंचें नांव दाही दिशांनीं ऐकूं येतें, तें योग्यच आहे. परंतु त्याच परिसरांत पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या इतर सहस्रावधि स्त्रियांपैकीं एखादीचें नांव जर कोठें उरलें असेल, तर तें असल्या एखाद्या तांब्यावर किंवा परातीवर. तें घासून टाकणें म्हणजे घाट शुद्ध करणें नव्हे, लेख खोडणें होय. शिलालेखावर टांकी चालविणारास आपण जें म्हणतों, तेंच येथेंहि म्हणावें लागतें.

कांच आणि चिनी माती यांची गोष्ट निराळी आहे. त्यांवर ठिपके मारतां येत नाहींत. लोणच्याच्या बरण्या, अत्तराच्या कुप्या, देशमुखांच्या वाड्यांत टांगलेल्या विलायती हंड्या व झुंबरें, यांचा इतिहास केवळ घरच्या बोलण्यांत असतो. मोठ्या झिलईदार बरणीस हिंदी भाषेंत मर्तबान म्हणतात, तो शब्द ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरावरून आला. तेथून असलीं भांडीं देशोदेशीं जात. इतका लांबचा प्रवास एका शब्दांत टिकून राहिला आहे. परंतु घरांतली अमुक बरणी आजीच्या माहेराहून आली, की आजोबांनीं जत्रेंत घेतली, हें सांगणारा शेवटचा मनुष्य गेला कीं ती बरणी मुकी होते. चांदीचें नांव पुसावयास हात लागतो; कांचेचें नांव नुसत्या विस्मृतीनें पुसलें जातें.

या कसोटीवर दोन मोठे संग्रह लावून पाहूं. पहिला हैदराबादेचा सालारजंग संग्रह. वऱ्हाडच्या वाचकांस त्यांत परकें वाटण्याचें कारण नाहीं. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें, त्याच वर्षीं पहिले सालारजंग दिवाण झाले, आणि वऱ्हाड परत मिळविणें हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होऊन बसला. १८७६ सालीं ते विलायतेस गेले, त्यांत हीहि आशा होती. त्याच प्रवासांत रोम शहरीं त्यांनीं बेंझोनी या शिल्पकाराची, मुखावर संगमरवराचाच तलम पदर घेतलेली रिबेकेची मूर्ति विकत घेतली. वऱ्हाड परत आलें नाहीं, रिबेका आली. तिच्यापुढें आजहि गर्दी असते. त्यांचे नातू तिसरे सालारजंग (१८८९–१९४९) यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचा हा संग्रह १९५१ च्या डिसेंबरांत जनतेस खुला झाला, आणि १९६१ मध्यें संसदेनें कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविलें.

या संग्रहांतील युरोपीय कांचेच्या व चिनी मातीच्या दालनांतून फिरतांना डोळे दिपतात, हें मी प्रांजळपणें सांगतों. परंतु बाहेर आल्यावर स्मरण राहतें तें संग्राहकाच्या ऐश्वर्याचें, भांड्यांचें नव्हे. कोणा घरच्या जेवणाच्या टेबलावर तीं मांडलीं गेलीं, कोणाच्या हातून निसटतां निसटतां वांचलीं, हें तीं सांगत नाहींत. व्यापाऱ्याच्या दुकानांतून जी वस्तु निवडली जाते, ती आपलें घर मागें टाकूनच आलेली असते. उलट त्याच संग्रहालयांतील बिदरी कामाचें दालन पहावें. जस्ताचें ओतीव भांडें, त्यावर खोदून बसविलेली चांदीची तार व पत्रा, आणि बिदरच्या किल्ल्यांतील माती नवसागरासह लावून आणिलेला तो गर्द काळेपणा, ज्यावर चांदी चांदण्यासारखी उमटते. हुक्क्याचीं बुडें, पानदानें, तस्तें ही दख्खनच्या बैठकींतलीं भांडीं. आमच्या जुन्या घराण्यांतहि असलीं भांडीं वापरांत होतीं. येथें संग्राहक थोडा मागें सरतो आणि एका प्रदेशाची राहणी पुढें येते. माझ्या मतें सालारजंग संग्रहाचें खरें मोल या काळ्या भांड्यांत आहे. रिबेकेच्या पदरांत नव्हे.

दुसरा संग्रह पुण्याचा, दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं १९२० च्या सुमारास वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि अकालीं निधन पावलेल्या आपल्या राजा या पुत्राचें नांव संग्रहास दिलें. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. राजेरजवाड्यांच्या वस्तु त्यांतहि आहेत. परंतु केळकरांची प्रतिभा दिसते ती अडकित्त्यांत, वज्रींत, दिव्यांत, करंड्यांत, स्वयंपाकघरांतील भांड्यांत. टांच घासावयाच्या वज्रीवर पोपट किंवा मोर बसविणारा कारागीर कोण होता, हें कोणीं विचारलेंहि नसतें; केळकरांनीं ती वज्री उचलली आणि आपणांस तिच्याकडे पाहावयास लाविलें. अज्ञातांच्या कलेचा हा संग्रह एका 'अज्ञातवासी'च्या हातून व्हावा, यांत मला योगायोगापेक्षां अधिक कांहीं दिसतें. सालारजंगांनीं जें उत्तम म्हणून मान्य झालें होतें तें मिळविलें. केळकरांनीं जें कोणी उत्तम मानीत नव्हतें त्यांतील उत्तमपण दाखविलें. टीकाकाराचें काम तें हेंच. म्हणून मराठी भाषेंतील टीकाकारांच्या यादींत केळकरांचें नांव घालण्यास मला संकोच वाटत नाहीं.

तरीहि माझी तक्रार येथेंहि सर्वस्वी मिटत नाहीं. अडकित्ता कोणत्या प्रांताचा, कोणत्या शतकाचा, एवढें प्रेक्षकास कळतें; तो कोणत्या घरांतल्या कोणत्या आजीच्या चंचींत होता, हें क्वचितच कळतें. एकट्या मनुष्यानें, तुटपुंज्या साधनांनीं, मोडींत जाणाऱ्या वस्तूंमागें धांवतां धांवतां तें सारें टिपून ठेवावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. परंतु जें केळकरांस शक्य नव्हतें तें आज शक्य आहे, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं त्यांच्या धांवपळीचें अनुकरण करावें पण त्यांची उणीवहि जपावी, असें कांहीं नाहीं.

घराची साक्ष म्हणजे काय, हें ज्यास स्पष्ट पहावयाचें असेल त्यानें जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर तालुक्यांत पूर्णाकांठच्या भोनकडे पहावें. या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें. विटांचा स्तूप, खापराचीं कडीं एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी, मणी आणि मातीचीं भांडीं असें पुष्कळ तेथें निघालें, आणि या वस्तीचा आरंभ उत्खनन करणाऱ्यांनीं इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकापर्यंत मागें नेला. तेथील खापराचा तुकडा बाजारांत नेला तर त्यास कवडीहि मिळणार नाहीं. परंतु तो कोणत्या थरांत, किती खोलीवर, कशाच्या शेजारीं सांपडला, याची नोंद झालेली आहे. आणि तेवढ्या नोंदीमुळें तो तुकडा आपणांस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या वऱ्हाडविषयीं जें सांगतो, तें दिवाणखान्यांतील अखंड चिनी फुलदाणी सांगूं शकत नाहीं. तोच तुकडा एखाद्या हौशी मनुष्यानें शेतांतून उचलून कपाटांत ठेविला असता, तर तें एक खापर झालें असतें, इतकेंच. पुराणवस्तु वस्तूंत नसते, ती वस्तु आणि तिची जागा यांच्या संबंधांत असते. तो संबंध तुटला कीं मागें उरतें तें केवळ वय.

भोनची कथा येथेंच संपत नाहीं. पूर्णेवरील जिगांव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रांत ही जागा येते. पाणी शेतकऱ्यास पाहिजे, आणि पाण्याविरुद्ध खापराची बाजू घेणें वऱ्हाडांत राहणाऱ्यास शोभणार नाहीं. परंतु यावरून एवढें कळावें कीं, कांहीं वेळां जागा वांचवितां येत नाहीं, आणि अशा वेळीं नोंद हीच वस्तूची शेवटची वस्ती असते.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, तुमचें हें नांवाचें माहात्म्य पोट भरलेल्या मनुष्याचें आहे. वऱ्हाडांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं चांदी हा अलंकार नसून तिजोरी असते. पेरणीच्या तोंडाशीं बियाण्यास पैसे नसतात, कोणाचें दुखणें निघतें, पाऊस दगा देतो. तेव्हां वाळे, तोडे, तांब्या बाजारांत जातात. ती म्हातारी हौसेनें तांब्या मोडीत नव्हती. तिनें तो विकूं नये, असें सांगण्याचा मला काय अधिकार?

कांहींच नाहीं, आणि मी तसें सांगतहि नाहीं. चांदीनें अडचणींत धांवून यावें यासाठींच ती घेतलेली असते, आणि आटली तरी तिनें आपलें काम केलें असेंच म्हटलें पाहिजे. संग्राहकानें अधिक किंमत दिली, हेंहि चांगलेंच झालें. त्या घरास बियाण्याची एक पिशवी अधिक मिळाली असेल. माझा आक्षेप विक्रीवर नाहीं, घासण्यावर आहे. नांव ठेवण्यास दमडीहि लागली नसती. तें काढावयास उलट कारागिराची मजुरी पडली. म्हणजे येथें गरिबी आड आली नाहीं. रुचि आड आली. आणि रुचीवर बोलणें हें टीकाकाराचें कामच आहे.

कायदा या बाबतींत फार पुरा पडत नाहीं. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून अंमलांत आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु त्याच्या व्याख्येंत येते, ती खाजगी मनुष्यास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, आणि तिचा व्यापार करणारास परवाना लागतो. जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन तर १८७८ पासूनचें आहे. हे निर्बंध आवश्यकच आहेत. परंतु कायदा सीमेवर पहारा करितो. घरांतल्या माळ्यावर तो पोंचत नाहीं, आणि एखाद्याच्या आवडीनिवडीवर तर मुळींच नाहीं.

माळ्यापर्यंत पोंचतो तो लोकांचा लोभ, म्हणजे ममत्व. याचें आमच्याच जिल्ह्यांतील उदाहरण मेहकरचें. १८८८ सालीं तेथें खोदतांना शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति निघाली. सरकार ती विलायतेस नेईल या भीतीनें लोकांनीं घाईघाईनें तिची प्रतिष्ठापना केली, असें गांवांत सांगतात. देव म्हणून बसविल्यावर ती पुराणवस्तु राहिली नाहीं. तिला घर मिळालें. प्रत्येक तांब्यास देऊळ बांधतां येणार नाहीं. परंतु जी वस्तु वापरांत आहे आणि जिची गोष्ट सांगणारें कोणी आहे, ती सहसा हरवत नाहीं, एवढा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

तेव्हां संग्राहकांकडे माझें मागणें फार मोठें नाहीं. वस्तु घेतांना तिचा घाट पहावा, कस पहावा, वय पहावें. आणि त्याबरोबरच विकणारास तीन गोष्टी विचाराव्या. ही कोणाची? कोणत्या प्रसंगीं आली? घरांत तिला काय म्हणत? उत्तरें एका वहींत लिहून ती वही वस्तूसह ठेवावी, आणि वस्तु पुढें दुसऱ्याकडे गेली तर तीं उत्तरेंहि तिच्याबरोबर जावींत. भांड्यावरील नांवावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरविली तर अक्षरांचा ठसा उमटतो. आणि ज्यास तेंहि जड वाटेल त्याच्या खिशांत आज छायाचित्र घेणारा दूरध्वनि असतोच. जें भांडें भट्टींतच जावयाचें असेल, त्याचेंहि नांव इतक्यानें मागें राहूं शकेल. सराफांच्या दुकानीं, गांवच्या शाळांत, देवळांच्या भांडारांत हें काम सहज होण्यासारखें आहे. ज्या संग्रहांत अशी वही नाहीं, तो कितीहि मोलाच्या वस्तूंनीं भरलेला असला तरी टीकाकारानें त्यास अपुरा ग्रंथ म्हणावें. आणि ज्याच्यापाशीं चारच वाट्या आहेत परंतु चारींचीं घरें ठाऊक आहेत, त्यास संग्राहक म्हणावें.

हें सारें लिहितांना माझ्या स्वतःच्या हातून घडलेली चूक झांकून ठेवणें बरें नव्हे. त्या दिवशीं तांब्या माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि कारागिरानें तो उचलण्यापूर्वीं नांव वाचण्यास मला पुरेसा वेळ मिळाला होता. मीं तें वाचलेंहि. परंतु टिपून घेतलें नाहीं. शक आठवतो, कारण आंकडा ध्यानांत राहतो. गांवाचें नांव अर्धवट आठवतें. त्या बाईचें नांव मात्र कितीहि आठवूं म्हटलें तरी आठवत नाहीं. संग्राहक महाशयांनीं तें चांदीवरून काढिलें. माझ्यापाशीं तें कागदावर राहूं शकलें असतें, तें मीं राहूं दिलें नाहीं.